सार्वजनिक वायफायला फोन आपोआप, पण सुरक्षित कसा जोडावा

गेल्या महिन्यात आत्याबरोबर पंचवटीत भाजी घ्यायला गेले होते. मेथी, गिलकी, कोथिंबीर पिशवीत पडली, आत्याने क्यूआर स्कॅन केला आणि चक्र फिरतच राहिलं. रेंज पूर्ण, डेटा चालू. फोन हातात घेतला तर तो जवळच्या एका दुकानाच्या खुल्या वायफायला चिकटलेला. कधीतरी एकदा ओटीपी टाकून तिने तो जोडला होता. तेव्हापासून त्या गल्लीत पाऊल टाकलं की फोन आपणहून जोडला जायचा. फुकटची वेळ संपलेली, पण फोन काही वायफाय सोडेना. वायफाय बंद केलं आणि लगेच पैसे गेले.

पैसे अडकले एवढ्यावर निभावलं. खुल्या वायफायला फोन फक्त नावावरून ओळखतो. त्याच नावाचा हॉटस्पॉट कुणीही सुरू करू शकतो आणि हुबेहूब लॉगिनचं पान दाखवून नंबर, पासवर्ड मागू शकतो. ओटीपीने तुम्ही कोण हे नेटवर्कला कळतं. नेटवर्क कुणाचं आहे हे मात्र तुम्हाला कळत नाही. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स स्वतःचं एन्क्रिप्शन (माहिती इतरांना वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात पाठवणं) वापरतात, त्यामुळे धोका मुख्यतः अशा खोट्या पानांचा.

आपोआप जोडणी हवीच असेल तर ती दोन्ही बाजूंनी ओळख पटवणारी असावी. वायफाय अलायन्सने २०१२ पासून पासपॉइंट नावाने हे तंत्र प्रमाणित केलं आहे. यात जोडण्याआधीच फोन नेटवर्कला विचारतो, माझं खातं तुझ्याकडे चालेल का? मग नेटवर्कचा सर्व्हर आपलं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवतो, फोन ते तपासतो, आणि त्यानंतरच तुमची ओळख एन्क्रिप्टेड मार्गाने पुढे जाते. प्रत्येक फोनला वेगळी किल्ली मिळते. कॅफेच्या भिंतीवर लिहिलेल्या एकाच पासवर्डात ही सोय नसते.

पहिलं काम साफसफाईचं. सेटिंग्जमध्ये इंटरनेट किंवा वायफाय उघडा, सेव्ह केलेली नेटवर्क पाहा आणि जी खुली आहेत ती विसरायला सांगा. नाशिकरोड स्टेशनवर पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघताना नंबर आणि ओटीपी टाकून रेलवायर हे स्टेशनचं वायफाय वापरत असाल, तर ते नेटवर्क ठेवा, पण त्याचं ऑटो-कनेक्ट बंद करा. गरज पडली की हाताने जोडा.

मग प्रोफाइल, म्हणजे या जोडणीची सगळी माहिती असलेली तयार फाइल, मिळवा. तुमची मोबाइल कंपनी, कॉलेज किंवा ऑफिस ही सेवा देत असेल तर त्यांच्या अधिकृत अ‍ॅपमधून किंवा साइटवरून, मोबाइल डेटा वापरून घ्या. मेसेजमधली लिंक किंवा खांबावर चिकटवलेला क्यूआर यांच्यावरून कधीही घेऊ नका. काही ठिकाणी सिमवरूनच ओळख पटते, तिथे तुम्हाला काही भरावं लागत नाही.

प्रोफाइल न मिळता हाताने माहिती भरावी लागली तर इथे घाई करू नका. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या नावावर टॅप केलं की ईएपी पद्धत आणि फेज २ (ओळख कशी पटवायची ते), सीए सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र ज्यावरून तपासायचं ते), डोमेन (सर्व्हरचं नाव), आयडेंटिटी, पासवर्ड असे रकाने येतात. पद्धत आणि फेज २ सेवा देणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे निवडा. सीए सर्टिफिकेटमध्ये त्यांनी स्वतःचं दिलं असेल तर ते, नाहीतर सिस्टिम सर्टिफिकेट वापरा. डोमेनचा रकाना त्यांनी दिलेल्या नावानेच भरा, अक्षर न् अक्षर जुळवून. बहुतेक लोक हाच रकाना कसातरी उरकतात, आणि सगळी सुरक्षितता त्यातच आहे. बरोबर सर्व्हरशी बोलतोय की नाही हे फोनला त्यावरूनच कळतं. जुन्या फोनवर ‘पडताळणी करू नका’ असा पर्याय दिसेल. तो निवडला की खोट्या नेटवर्कलाही तुमचा पासवर्ड मिळवायची वाट मोकळी होते. निनावी ओळखीचा (एन्क्रिप्शनआधी उघडपणे जाणाऱ्या नावाचा) रकाना असेल तर खरं युजरनेम तिथे टाकू नका, सांगितलेलं सर्वसाधारण नावच टाका.

आयफोनवर प्रोफाइल उतरवलं की सेटिंग्जमध्ये ते इन्स्टॉल करायचं आणि कुणी सही केली आहे ते वाचायचं. तिथे बाकीचे रकाने तुम्हाला भरावे लागत नाहीत.

आता तपासून पाहा. त्या जागेपासून लांब जा, परत या. कुठलंही लॉगिनचं पान न येता फोन जोडला गेला आणि नेटवर्कच्या तपशिलात एंटरप्राइझ (प्रत्येकाची वेगळी ओळख तपासणारं नेटवर्क) असं दिसलं, तर जमलं. नेटवर्कने अचानक पुन्हा पासवर्ड मागितला किंवा सर्टिफिकेट बदलल्याची सूचना आली, तर ‘मान्य’ दाबू नका. आधी सेवा देणाऱ्याला विचारा.

पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वायफाय योजना डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. त्यात अ‍ॅपमध्ये एकदा नंबर पडताळला की वेगवेगळ्या दुकानांतली वायफाय वापरता येतात, आणि ही चांगली सोय आहे. पण लॉगिन सोपं झालं म्हणून फोन आणि राउटरमधला दुवा एन्क्रिप्टेड झाला असं समजू नका. नावाशेजारी कुलूप आहे का ते वेगळं बघा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर गर्दी उसळेल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमधली खुली नेटवर्क आधीच काढून ठेवलेली बरी. आत्याच्या फोनमधून मी अशी अकरा काढली.

फोन विकताना किंवा हरवल्यावर प्रोफाइलचा विसर पडतो. विकण्याआधी ते काढून टाका. हरवला असेल तर सेवा देणाऱ्याला कळवून खात्याचा पासवर्ड बदला किंवा त्या फोनचं सर्टिफिकेट रद्द करायला सांगा, म्हणजे ज्याच्या हाती तो फोन लागेल त्याला तुमच्या नावाने वायफाय मिळणार नाही.