मॅक्लाउड आडनावाचं मूळ शोधताना या चुका टाळा

धरमशाळेजवळचं मॅक्लोडगंज फिरून आलेल्यांच्या कानावर हे आडनाव पडलेलं असतं. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर डोनाल्ड मॅक्लाउड यांच्यावरून ते गावाला मिळालं. आडनावाचं घर मात्र स्कॉटलंडच्या वायव्येकडची स्काय, हॅरिस आणि लुईस ही बेटं.

तेराव्या शतकातला लियोड हा या कुळाचा मूळपुरुष. त्याचं नाव जुन्या नॉर्स (व्हायकिंगांच्या भाषेतल्या) 'ल्योत्र'वरून आलेलं, म्हणजे चक्क 'कुरूप'! आधी लागणारं 'मॅक', म्हणजे 'मुलगा', हे मात्र स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतलं. ही बेटं 1266च्या पर्थच्या तहापर्यंत नॉर्वेच्या राजाची होती, त्यामुळे अशी सरमिसळ तिथे नवलाची नव्हती.

पण म्हणून सगळे मॅक्लाउड व्हायकिंगांचे वंशज ठरत नाहीत. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. प्रमुखाची जमीन कसणारी, त्याच्या आश्रयाला असलेली माणसंही त्याचंच नाव लावत. आडनाव एक, रक्त वेगवेगळं.

दुसरा मोह राजघराण्याचा. लियोड हा मॅन बेटाचा राजा 'काळा ओलाफ' याचा मुलगा, असं परंपरा सांगते. पण मॅनच्या जुन्या इतिवृत्तात ओलाफच्या मुलांमध्ये त्याचं नाव नाही. कुणी तयार वंशावळ हातात दिली, तर वरच्या चार-पाच पिढ्या पेन्सिलीनेच लिहा.

नोंद सापडतच नाही? आधी स्पेलिंग बदलून बघा. 'मॅक'मधला 'ए' कधी असतो, कधी गाळलेला, कधी 'एसी'च्या जागी नुसतं वरचं अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह (M'). 'ए' असला तर स्कॉटिश आणि नसला तर आयरिश, ही निव्वळ दंतकथा आहे.

मग पहिलं नाव तपासा. घरी ज्याला टॉर्मॉड म्हणत, तो इंग्रजी नोंदवहीत 'नॉर्मन' होऊन बसलेला असतो. टॉर्मॉड हे नॉर्स नाव; कुळाची हॅरिस आणि स्कायवरच्या डनव्हेगनची शाखा त्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा 'नॉर्मन' दिसलं म्हणून फ्रान्सकडे वळू नका. लुईसची शाखा टॉर्किलची.

बायकांच्या बाबतीत तर स्कॉटिश कागदपत्रं मेहेरबान आहेत. लग्नानंतरही माहेरचं आडनाव नोंदीत टिकून राहतं, म्हणून शोध दोन्ही आडनावांनी घ्या. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1855 साली सुरू झाली. त्याआधीचं चर्चच्या वह्यांमध्ये, आणि बेटांवरच्या त्या वह्या बऱ्याचदा उशिरा सुरू होतात.

राहता राहिलं 'घराण्याचं मानचिन्ह'. दुकानं ते चौकटीत घालून विकतात. माझ्या मते पैसे वाया. स्कॉटलंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीचं असतं, आडनावाचं नव्हे, आणि लॉर्ड लायनचं न्यायालय त्यावर लक्ष ठेवतं. हौसच असेल तर पट्टा-बकलाच्या वर्तुळातला बैलाच्या मुंडक्याचा बिल्ला घ्या. तो कुळातल्या कुणालाही लावता येतो.