सुपर फाल्कन्स बघायला सुरुवात कशी करायची

सोलापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोरींनो, नायजेरियाची ही महिला टीम तुम्ही बघायलाच पाहिजे, 1991 पासून 2023 पर्यंत एकही वर्ल्ड कप चुकवला नाही यांनी!

पहिली मॅच बघा जुलै 2025 ची आफ्रिका कप फायनल, रबातमध्ये, समोर मोरोक्को आणि अख्खं स्टेडियम त्यांचंच, 2-0 मागे होत्या आणि 3-2 ने जिंकल्या, दहावं टायटल. हायलाइट्सवर भागवू नका, सेकंड हाफ पूर्ण बघा, कारण दोन गोल खाल्ल्यावरसुद्धा टीम कशी खेळते हेच तर शिकायचंय ना. बॉल सोडून थोडा वेळ फक्त कॅप्टन रशीदत अजिबादेकडे बघा, बॉल नसताना ती कुठं पळते ते.

गोलकीपर असाल तर चियामाका न्नाडोझी, 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये तिनं कॅनडाच्या सिंक्लेअरची पेनल्टी अडवली, ती क्लिप स्लो करून बघा.

लाइव्हसाठी लक्षात ठेवा, नायजेरिया आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, तिकडं रात्री 9 म्हणजे इकडं दीड. घरी आधीच सांगून ठेवा, आणि जमलं तर टीममधल्या दोघी-तिघी एकत्र बसा.