लांबचा ट्रक रूट किलोमीटरवर नाही, बॉर्डरवर आखा

लांबच्या ट्रिपला लोक मॅप उघडतात, किलोमीटर भागिले स्पीड करतात आणि पोचायची तारीख सांगून मोकळे होतात, पण वेळ रस्त्यावर कमी आणि बॉर्डरवर जास्त जातो. म्हणून आधी प्रत्येक चेकपोस्टवर कमर्शियल गाड्या किती वाजेपर्यंत घेतात, तिथल्या सुट्ट्या कधी आहेत ते बघा आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ ठरवा. युरोपियन युनियनमध्ये तर साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, आणि दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यात फक्त दोनदा १० चालतात, ते पण त्यात धरा.

मधले देश टीआयआर करारात (सीलबंद माल देशादेशांतून नेण्याच्या आंतरराष्ट्रीय कस्टम करारात) असतील तर कार्नेट, म्हणजे त्या कराराचं कस्टमचं कागदपत्र, काढाच, कस्टमचं सील लागलं की साधारणपणे मधल्या बॉर्डरवर माल उघडत नाहीत. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि सीएमआरवर (आंतरराष्ट्रीय रोड वाहतुकीच्या बिल्टीवर) वजन आणि नगांची संख्या अगदी तंतोतंत एकच हवी, एका आकड्यापायी गाडी दोन दोन दिवस उभी राहते.

निर्जन पट्ट्यात मॅपवर दिसणारा पंप चालू असेलच असं नाही, त्यामुळे पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या पंपापर्यंत पुरेल एवढं डिझेल ठेवा, आणि घाटात, वाळूत अ‍ॅव्हरेज पडतं ते धरून हिशोब करा. फक्त ६०० लिटर जादा डिझेल म्हणजे साधारण ५०० किलो, ते अ‍ॅक्सल लोडमध्ये (प्रत्येक अ‍ॅक्सलवर येणाऱ्या वजनात) मोजायचं राहूनच जातं. थंड प्रदेशात शिरायच्या आधी टाकीत विंटर डिझेल (थंडीत न गोठणारं डिझेल) आलेलं असू दे, साधं डिझेल गोठायला लागलं की फिल्टर चोक.