घरी भरलेल्या काडतुसाची परीक्षा: गोळीचा वेग आणि पसरणं कसं तपासावं

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा मोसम जवळ आला की रायफलवाले स्वतः भरलेली काडतुसं घेऊन रेंजवर जातात. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की लोड (म्हणजे काडतुसात भरलेली दारू आणि गोळी यांचा मेळ) पक्का झाला म्हणून घरी येतात. पण कागदावरून कळतो तो नेम. गोळी हरणाच्या छातीत शिरल्यावर पसरणार की जशीच्या तशी आरपार जाणार, हे कागद सांगत नाही. न पसरलेल्या गोळीचं जनावर जखम घेऊन लांब पळतं आणि हाती लागत नाही.

(हे सगळं जिथे कायद्याने चालतं तिथल्यासाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतं.)

उदाहरणाला .३०८ विंचेस्टर हे रायफलचं काडतूस आणि १६५ ग्रेनची गोळी घेऊ. ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, सोनाराची गुंज जवळपास दोन ग्रेनची.

१. गोळीचा किमान वेग शोधा

गोळी ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच नीट पसरते. शिशाचा गाभा आणि तांब्याचं कवच असलेल्या बऱ्याच गोळ्यांना लक्ष्यावर पोचताना सेकंदाला १,८०० फुटांच्या आसपास वेग हवा असतो. सबंध तांब्याच्या गोळ्यांना बहुधा त्याहून जास्त लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तेव्हा तिथल्यांनी या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं. तुमच्या गोळीचा नेमका आकडा बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीत सापडतो.

दुसऱ्या टोकाला, जवळून फार वेगात लागलेली मऊ गोळी वरच्यावर फुटते. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या मूसला (हरणाच्या कुळातलं मोठं जनावर) नीट भेदू शकल्या नाहीत आणि त्यातूनच मधे पडदा ठेवलेली पार्टिशन गोळी जन्माला आली.

२. नळीतून निघतानाचा वेग मोजा

लोड छापील मॅन्युअलमधलाच घ्या आणि दारूच्या सुरुवातीच्या मापापासून हळूहळू वर चढा. बोल्ट उचलायला जड गेला, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा झाला किंवा पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर चकचकीत ठसा उमटला तर दाब फार वाढलाय, तिथेच थांबा. हवा तो वेग अजून मिळाला नसला तरी थांबाच.

जुन्या पद्धतीचा प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) नळीच्या तोंडापासून दहा ते पंधरा फुटांवर ठेवा, नाहीतर बाराचा धक्का आकडे बिघडवतो. कडक उन्हापेक्षा ढगाळ दिवशी तो बरा चालतो. नळीला पट्ट्याने बांधायचा क्रोनोग्राफ वेग अचूक देतो, पण त्याच्या वजनाने गोळी पडायची जागा सरकते. नेम आणि वेग एकाच वेळी तपासू नका. रडारचं यंत्र असेल तर हे दोन्ही प्रश्न मिटतात.

दहा तरी बार मोजा. तीन बारांवरून काढलेलं प्रमाण विचलन (बारागणिक वेगातला फरक) फसवं असतं, ते कितीही देखणं दिसो. मॅन्युअलमधला आकडा बहुधा २४ इंची नळीचा असतो. तुमची २० इंची असेल तर दर इंचाला वीस-तीस फुटांची घट धरा.

३. लांबचा वेग काढा

समजा सरासरी २,७०० आली. गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशिअंट (हवेला तोंड देऊन वेग टिकवण्याचं माप) .४७५ असेल तर ३०० यार्डांवर साधारण २,१०० फूट उरतात आणि ५०० यार्डांवर गाडी १,८०० च्या उंबरठ्यावर येते. खरी परीक्षा इथे असते. जवळच्या बारात जवळपास प्रत्येक गोळी देखणी पसरते, म्हणून नुसती तीच चाचणी करण्यात अर्थ नाही.

४. पाण्याच्या कॅनमध्ये गोळी पकडा

दुधाचे एक गॅलनचे सहा-आठ रिकामे प्लॅस्टिकचे कॅन पाण्याने काठोकाठ भरून फळीवर एकामागे एक चिकटवून ठेवा. मागे मातीचा पक्का बांध हवाच, आणि रेंजची परवानगी आधी घ्या. अनेक ठिकाणी कॅन चालत नाहीत. ओळ थोडी जरी तिरकी झाली तरी गोळी बाजूने निसटते. पहिला कॅन फुटून उडतो, फळीही उसळते.

एक बार जवळून मारा, दुसरा तुमच्या सर्वांत लांबच्या टप्प्यावरून. तेवढी जागा नसेल तर कमी वेगाचा लोड भरता येतो, पण फक्त छापील कमी-वेगाच्या माहितीनुसार. मंद जळणारी दारू मनाने कमी करणं धोक्याचं आहे. आणखी एक फरक ध्यानात ठेवा: लांब गेलेल्या गोळीचा वेग घटतो, तेवढी तिची फिरकी घटत नाही, कमी लोडच्या गोळीत फिरकी मुळातच कमी असते.

पाण्यात गोळी मांसापेक्षा जोरात पसरते. त्यामुळे पाण्यातही जी पसरली नाही, तिचा निकाल लागला. जी पसरली तिला जमल्यास मांसाच्या जागी वापरतात त्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात तपासा. ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि सेकंदाला ५९० फुटांनी सोडलेला .१७७ चा पोलादी छर्रा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास शिरला, तरच ठोकळा योग्य मानतात.

५. मोजा आणि लिहा

गोळी कोरडी करा, खाचांत अडकलेलं प्लॅस्टिक सुईने काढा. कॅलिपरने सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद व्यास घेऊन सरासरी काढा, तिला मूळच्या ७.८२ मिलिमीटरने भागा. दीड ते दोन पट आलं तर छान. मग वजन. १६५ ची ११० उरली, तर ६७ टक्के. साध्या गोळीला ठीक, सबंध तांब्याच्या गोळीला वाईट. तांब्याच्या पाकळ्या तुटल्या असतील तर कॅनच्या तळाशी सापडतात, पण त्या वजनात धरू नका. कितव्या कॅनमध्ये थांबली तेही लिहा.

लांबच्या बाराची गोळी जेमतेम टोक उघडून थांबली असेल तर आपला टप्पा शंभर यार्डांनी आखडता घ्या किंवा मऊ गोळी निवडा. दारूचा नवा लॉट उघडलात की क्रोनोग्राफ पुन्हा लावा. वेग तोच आला तर कॅन भरायची गरज नाही.