पीसी बंद करताना एक्स्प्लोरर अडतो तेव्हा

लाईट गेलेली, यूपीएस ओरडतोय आणि निळ्या पडद्यावर ‘एक्स्प्लोरर’ बंद व्हायला तयार नाही. लातूर-बीडकडच्या सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात अशा वेळी हात सरळ पॉवरच्या बटणावर जातो. तो तेवढा आवरा. विंडोजमध्ये एक्स्प्लोरर म्हणजे नुसत्या फोल्डरच्या खिडक्या नव्हेत. टास्कबार आणि डेस्कटॉपही तोच चालवतो. तो अडला की बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत असतो.

यूपीएसमध्ये दम असेल तर ‘कॅन्सल’ दाबून डेस्कटॉपवर या. कॉपीची पट्टी कुठे मागे दडली आहे का बघा. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर सातबाऱ्याच्या पीडीएफ जात असतील तर त्या पूर्ण होऊ द्या, मग पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून इजेक्ट न करताही पेनड्राइव्ह काढता येतो, पण कॉपी चालू असताना नाही. पट्टी कुठेच नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्स्प्लोरर’वर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ द्या. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येतो, घाबरू नका. मग शट डाउन करा. यूपीएस शेवटच्या घटकेला आला असेल तर ‘शट डाउन एनीवे’ चालेल. सेव्ह न केलेलं मात्र गेलं समजा.

रोजच असं होत असेल तर एके दिवशी पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क सगळं काढून पीसी बंद करून बघा. सुरळीत झाला तर एकेक परत जोडत जा, चोर सापडतो. दुकानात दोन पीसी असतील तर नेटवर्क ड्राइव्हही, म्हणजे एका पीसीवरचा फोल्डर दुसऱ्यावर जोडलेला असेल तर तोही, तपासा. ज्या पीसीवर तो फोल्डर आहे तो आधी बंद केला की दुसऱ्याचा एक्स्प्लोरर त्याला हाका मारत बसतो. ज्याच्यावर फोल्डर आहे तो शेवटी बंद करायचा.

तरीही अडतंय? मग राइट क्लिकच्या मेनूत भर घालणारी सॉफ्टवेअर बघा: झिपवाली, क्लाउडवाली, अँटिव्हायरस. त्यांचे तुकडे एक्स्प्लोररच्या आतच चालतात. बिघाडांच्या नोंदी दाखवणाऱ्या विंडोजच्याच ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘अ‍ॅप्लिकेशन’ उघडा. एक्स्प्लोररच्या नावाने १००० क्रमांकाची नोंद असेल तर ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणजे बिघडलेल्या तुकड्यासमोरचं नाव वाचा. ‘एनटीडीएलएल’ दिसलं तर ते विंडोजचं स्वतःचं आहे, त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या कंपनीचं नाव असेल तर ते सॉफ्टवेअर अपडेट करा, नाहीतर काढा. १००२ ची नोंद फक्त अडकल्याचं सांगते, कशामुळे ते नाही.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, ‘ऑटो-एंड-टास्क्स’ १ करा, असा सल्ला सर्रास मिळतो. दुकानाच्या पीसीवर तो नको. त्याने विंडोज काही न विचारता सगळे प्रोग्रॅम मारून टाकतं, आणि एक्सेलमधली पीकविम्याची अर्धी भरलेली यादीही त्यातच जाते.