ओढ्यासाठी गट काढताय? आधी मोजा, मग उचला

वस्तीजवळचा ओढा घाण झाला की सगळ्यांना आधी आठवते ती स्वच्छता मोहीम. एक रविवार, हातमोजे, पोती, शेवटी ग्रुप फोटो. महिन्याभरात काठ पुन्हा पहिल्यासारखा. मोहीम वाईट नसते, पण कचरा येतो कुठून हे तिला कळत नाही. ते कळायचं तर वही-पेन घेऊन सुरुवात करावी लागते.

पट्टा लहान निवडा. अख्खा ओढा अंगावर घेऊ नका. दोन-तीनशे मीटरचा, सहज चालत जाता येईल असा एकच भाग ठरवा. जागा कोणाच्या ताब्यात आहे, काठावर उतरायला परवानगी लागते का, हे आधीच विचारून घ्या. माणसंही मोजकी पुरतात. न चुकता येणारी पाच-सहा जणं दोनशे सदस्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा केव्हाही बरी.

नकाशा काढा. हाताने काढलेला चालेल. पाइप कुठे उघडतात, कचरा कुठे टाकला जातो, काठ कुठे ढासळलाय, सगळं त्यावर दाखवा. पाऊस नसलेल्या दिवशी एक फेरी मुद्दाम मारा. पावसाचं पाणी सोडण्यासाठी असलेल्या पाइपातून कोरड्या दिवसांतही धार लागली असेल, तर ती कुठून येते याचा शोध घ्यायलाच हवा. बरेचदा कुठल्या तरी इमारतीची सांडपाण्याची नळी चुकून तिथे जोडलेली निघते.

पाण्याची नोंद ठेवा. तापमान, गढूळपणा, वास, रंग आणि साधं किट मिळालं तर विरघळलेला ऑक्सिजन. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ गोड्या पाण्यात तो लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो. पाणी तापत जाईल तसा कमी मावतो. शिवाय रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, नुसता वापरतात. त्यामुळे पहाटे आकडा सर्वांत खाली असतो आणि दुपारी चढतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला मोजलंत, तर फरक प्रदूषणाचा की घड्याळाचा हे सांगता येणार नाही. वेळ आणि जागा ठरवून घ्या आणि मोडू नका.

किट नसेल तर दगड उलटा करून पाहा. माझ्या मते या कामातला सगळ्यात मजेचा भाग हाच. वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय या कीटकाची पिल्लं चिकटलेली दिसतात: चपटं अंग, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले, मागे बहुधा तीन बारीक शेपट्या. शेजारीच वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची अळी बसलेली असते. हे कीटक दिसेनासे झाले आणि गाळात फक्त रक्तासारख्या लाल, बारीक अळ्या वळवळताना दिसल्या, तर ऑक्सिजन कमी पडत असण्याची शक्यता मोठी. त्या अळ्यांच्या अंगात ऑक्सिजन धरून ठेवणारं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथे तग धरतात. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा.

आता कचरा उचला, पण मोजत. समुद्रकिनारे साफ करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेची सुरुवात १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये झाली, तेव्हापासूनच स्वयंसेवक कचऱ्यातली एकेक वस्तू तक्त्यावर नोंदवत आले आहेत. वर्षानुवर्षं त्या याद्यांमध्ये सिगारेटची थोटकं आघाडीवर राहिली. त्यांचे फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचे, म्हणजे प्लास्टिकचेच असतात. ‘वीस पोती कचरा’ या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. एकाच प्रकारची पाकिटं एकाच वळणावर सापडतात, एवढं कळलं तरी पुढे कोणाशी बोलायचं ते ठरतं.

जाड हातमोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. सुया, काचा असतातच. शिवाय उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेवरच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होऊ शकतो. जोराच्या पावसानंतर ओढ्यात जायचं नाही, मोहीम ठरलेली असली तरी. आणि उत्साहाच्या भरात पालापाचोळा, पडलेल्या फांद्या उचलू नका. तो कचरा नाही, पाण्यातल्या किड्यांचं अन्न आणि आसरा आहे.

तक्रार लिहिताना आरोप टाळा. ‘अमुक कारखाना विष सोडतो’ असं लिहिलं की चर्चा पुराव्यावर येते आणि तुम्ही अडकता. त्याऐवजी असं लिहा: ‘या तारखेला सकाळी सात वाजता, पुलाच्या खालच्या बाजूला उजव्या काठावरच्या पाइपातून करड्या रंगाचं, फेसाळ पाणी येत होतं. पाइपाच्या वरच्या बाजूला (पाणी येतं त्या दिशेला) ऑक्सिजन इतका, खालच्या बाजूला (पाणी जातं त्या दिशेला) इतका. फोटो सोबत.’ वरचा आणि खालचा आकडा शेजारी असला की पत्राला वजन येतं. पोच घ्या आणि उत्तर आलं नाही तर त्याच पोचेचा हवाला देऊन पुन्हा लिहा.

नोंदवहीची प्रत किमान दोघांकडे असू द्या. गटाचं काम सांभाळणारी व्यक्ती कधी ना कधी नोकरी बदलते, दुसरीकडे राहायला जाते किंवा कंटाळते, आणि वही तिच्याच कपाटात राहिली तर नव्या माणसांना सगळं पहिल्यापासून मोजावं लागतं.