वेचणीच्या दिवसांत लेकराकडे लक्ष कसं ठेवायचं

कपाशीच्या वेचणीत लेकरू धुऱ्यावरच्या झोळीत दिवस काढतं. रडूनही कोणी येत नाही असं रोजचंच झालं, की ते रडणं सोडतं. गुणी समजून निर्धास्त होऊ नका. असं दुर्लक्ष होत राहिलं तर बोलणं मागे पडू शकतं. पुढे शाळेत लक्ष न लागणं, मारामारी, किंवा अनोळखी माणसालाही बिलगणं दिसू शकतं.

पाजताना मोबाइल बाजूला. बाळ ‘आऽ’ म्हणालं की डोळ्यांत बघून तसंच म्हणा, मग थांबा. घाई केली तर त्याची बोलायची पाळी हुकते. सांभाळणारं माणूस रोज बदलू नका. 8 वर्षांच्या ताईच्या भरवशावर तर नकोच, तिचीही शाळा बुडते.

9 महिन्यांनंतरही नावाला वळत नसेल तर अंगणवाडीसेविकेला सांगा. आधी कान तपासून घ्या.